तांब्याचे हात आणि पाण्याचं घंगाळ

"दीदी, साइन कर दो. शाम को मेहमान आ रहे हैं," आयोजक भैया तिसऱ्यांदा म्हणाले.

मी मीटर त्यांच्यापुढे धरला. "पहले ये देखिए."

रायपूरच्या एका प्रदर्शनात इलेक्ट्रिकल सेफ्टी तपासायला मला बोलावलं होतं. हॉलच्या मधोमध काचेच्या नळ्यांचं एक झाड होतं. त्याच्या दोन बाजूंना दोन तांब्याचे हात. एका माणसाने हा हात धरायचा, दुसऱ्याने तो, आणि मधल्या सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे. साखळी जुळली की झाड उजळायचं. साखळी सुटली की अंधार.

म्हणजे माणसंच वायर. आमच्या धंद्यात सर्किटमध्ये माणूस येऊ नये म्हणूनच सगळी धडपड असते.

हे शिल्प प्रज्ञा नावाच्या मुलीने बनवलं होतं. तिचे बाबा रेल्वेत ट्रॅकमन होते, नुकतेच रिटायर झालेले. ती तावातावाने म्हणाली, "मॅडम, करंट इतका बारीक आहे, मुंगी चालल्यासारखंही वाटत नाही. काहून अडवून राहिल्या?"

"करंट बारीक आहे, तुझा अडॅप्टर नाही," मी म्हटलं. अडॅप्टर म्हणजे भिंतीतली वीज कमी करून देणारा डबा. तो हलक्या दर्जाचा होता. मधूनमधून मेन लाइनचा व्होल्टेज तांब्याच्या हातावर डोकावत होता. "हा डबा आतून फुटला, तर पूर्ण साखळीला झटका बसेल."

तिने अडॅप्टरचा प्लग ओढून काढला. आयोजक भैया फोन घेऊन बाहेर गेले.

मग आम्ही दोघी जमिनीवर बसून वायरिंग सोडवायला लागलो. तांब्याच्या हातांना नऊ व्होल्टची बॅटरी दिली, आणि करंट वाढूच नये म्हणून मध्ये रेझिस्टन्स टाकला. झाडाची लाइन वेगळी ठेवली. दोघांच्या मध्ये ऑप्टोकपलर बसवला. हा छोटासा पार्ट असतो. एका बाजूने उजेड पाडायचा, दुसऱ्या बाजूने तो ओळखायचा. वायर कुठेच जोडलेली नाही.

"म्हणजे निरोप उजेडच नेते?" प्रज्ञाने विचारलं, आणि पहिल्यांदा हसली.

मी स्वतः एक हात धरला, तिने दुसरा धरला. मोकळे हात एकमेकींच्या हातात दिले. झाड उजळलं. मी सही करायला पेन काढलं.

तेवढ्यात बाबा आले. प्रज्ञाने त्यांना हौसेने माझ्या जागी उभं केलं. त्यांनी तांब्याचा हात घट्ट धरला, लेकीचा हात धरला. काहीच झालं नाही. पुन्हा धरला. झाड काळंच.

"माह्यात काही करंटच नाही रायला वाटते, पोरी," असं म्हणून ते हसले, पण हात मागे घेतला आणि बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले.

प्रज्ञाचा चेहरा उतरला. "मॅडम, व्होल्टेज वाढवू ना थोडा. एवढंच."

"नाही."

"हे झाड त्यायच्यासाठीच बनवलं मी!"

मी बाबांचा तळवा पाहिला. आयुष्यभर लोखंडी अवजारं धरलेला, जाड, कोरडा. अशी कातडी करंट सहजासहजी जाऊ देत नाही. व्होल्टेज वाढवला असता तर त्यांचं जमलं असतं, आणि नाजूक हातांच्या लेकरांना झिणझिण्या आल्या असत्या.

"घरात घंगाळ आहे?" मी विचारलं.

त्यांचं घर जवळच, तात्यापारा मोहल्ल्यात. प्रज्ञा पितळी घंगाळ घेऊन आली, पाण्याने भरलं. मी बाबांना म्हटलं, "काका, हात ओले करा आणि पुन्हा धरा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, ओल्या हातानं?"

ओल्या हाताने विजेला शिवू नका, हे मी नोकरीत किती शाळांमधून सांगितलं असेल. "हव काका. इथे चालतं. इथे फक्त बॅटरी आहे."

त्यांनी हात बुचकळले. प्रज्ञाने हात पुढे केला. झाड वरपर्यंत उजळलं.  बाबांनी हात सोडला नाही. आयोजक भैया दारातून "हो गया?" विचारत आत आले आणि तिथेच थांबले.

घंगाळ मग शिल्पाजवळच राहिलं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं : स्पर्श करण्यापूर्वी हात ओले करावेत. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला. "मॅडम, ये टायपिंग मिस्टेक है क्या?"

"नहीं सर. सही है."

त्यांना समजावायला वायरिंग बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागला. नियम मलाही पाठच होता. तो कशासाठी आहे हे ठाऊक असलं, की तो कुठे लागू होत नाही तेही सांगता येतं. फक्त ते लेखी द्यावं लागतं, आणि खाली सही आपली असते.