लोखंडाचं पाणी प्यालेलं दार

गल्लीत तिला सगळे 'काळीवाली' म्हणत. बाजारातला रंग तिने लाकडाला कधी लावलाच नाही. झाडाच्या सालीचं उकळलेलं पाणी आधी लाकडाला पाजायचं, ते वाळलं की गंजके खिळे मुरवलेल्या व्हिनेगरचा हात फिरवायचा. बघता बघता लाकूड काळंभोर. सालीच्या पाण्याशिवाय नुसतं हे खिळ्यांचं व्हिनेगर दिलं, तर पांढऱ्या लाकडावर फिकट राखाडी छटा तेवढी येई. ही विद्या नवऱ्याची. तो वारलाही घराला लागूनच्या कारखान्यातच, दुपारी जरा पडतो म्हणून गेला तेव्हा. "दादा झोपेतच गेला, वहिनी. त्याला काही कळलंसुद्धा नाही," असं दिराने सांगितलं होतं. त्या एका वाक्याच्या आधारावर तिने सगळी वर्षं काढली.

एकदा तिने कारखान्याचं दार आतून राखाडी करायला घेतलं. धूळ पुसली, नुसतं खिळ्यांचं व्हिनेगर फिरवलं आणि ब्रश धुवायला गेली. परतली, तर दारावर पंजा उमटलेला. काळा, बोटं ताणलेली. जमिनीपासून जेमतेम वीतभर वर.

तिच्या डोळ्यांदेखत त्याच्या वर दुसरा पंजा गडद होत गेला. मग तिसरा, डाव्या हाताचा. करंगळी अर्धीच. करवतीने तुटलेली ती करंगळी तिनेच तर बांधली होती. हात सालीच्या पाण्याने भिजलेले असणार. लाकडाने ते इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. शेवटच्या पंजाची बोटं कडीच्या हातभर खालूनच घसरत आली होती.

तिने दिराला बोलावून घेतलं. तो उंबऱ्यातच थबकला.

"भावजी, खरं सांगा. त्या दुपारी हे कुठे सापडले होते?"

"दारामागे. आतून कडी होती, ती तोडून, दार ढकलून आत शिरावं लागलं. सालीच्या पाण्याची बादली लवंडली होती."

"मी भिंतीपलीकडेच होते हो. रेडिओ लावून बसले होते."

"म्हणूनच बोललो नाही, वहिनी."

त्याने रंधा उचलला. "मी हे तासून टाकतो."

"हात लावू नका!"

तिने पेचकस घेतला, कडी काढली आणि गुडघे टेकून ती हातभर खाली बसवली, त्या घसरलेल्या बोटांना पोचेल अशी.

गिऱ्हाइकं जाताना वाकून कडी धरून दार ओढतात आणि कुरकुरतात. ती ऐकून घेते. दार मात्र ती आतून कधीच लावत नाही.