एका पाईपची दोन टोकं

डॉक्टरीणबाई बॉनेटला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या गाडीची ब्रेक लाईन माझ्या हातात दोन तुकड्यांत होती. ब्रेक लाईन म्हणजे बारीक लोखंडी नळी. पेडल दाबलं की हिच्यातून ऑइल चाकापर्यंत जोर पोचवतं. नळी फुटली की पेडल नुसतं खाली जातं. बाईंचं ते मदन महलच्या उतारावरच गेलं होतं. एका मुरुमाच्या ढिगाने गाडी थांबवली म्हणून बरं.

एकाहत्तरची लढाई सुरू होती. मी जबलपूरला ट्रक बनवणाऱ्या फॅक्टरीत मेंटेनन्सला फोरमनच्या हाताखाली चार्जमन होतो. कुमुदताई सप्रे आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर. दवाखान्याची अँब्युलन्स जखमी जवानांना आणायला स्टेशनवर लागलेली, म्हणून बाई सासऱ्यांची जुनी विलायती गाडी घेऊन फिरत. त्या दिवशी त्यांना बरगीकडच्या एका गावी जायचं होतं. तिथे एक बाळंतीण अडली होती.

नळी नवी बनवणं सोपं. दोन्ही टोकांना एकेक पोकळ नट असतो, तो नळीला धरून ठेवतो. नट आधी ओवायचा, मग नळीचं तोंड फुलवायचं. उलट केलं की तोंड कापून पुन्हा करायचं. खरा प्रश्न नटाचा होता.

आमचे फोरमन तिवारीजी घाईत होते. जुने दोन्ही नट त्यांनी शेजारी धरून पाहिले, जाडी सारखी दिसली, आणि स्टोअरमधून जीपचे दोन नट मागवले. पुढचा नट पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमध्ये, जिथून ऑइलला जोर मिळतो तिथे, बोटांनीच आत गेला. मागचा, चाकाकडचा, थोडा फिरला आणि अडला.

"पाना लगाओ, मोघे. चढ़ जाएगा," तिवारीजी म्हणाले.

चढला असता, हेच वाईट होतं. लोखंडाला पान्याने दमात घेतलं की ते चुकीच्या जागीही बसतं. वरून घट्ट दिसतं, आत आटे चिरडलेले असतात. मग कधीतरी जोरात ब्रेक दाबला की नट निसटतो.

मी थ्रेड गेज काढलं. ही दातेरी पात्यांची कंगव्यासारखी जुडी असते. ज्या पात्याचे दाते आट्यांत चपखल बसतात, तो नटाचा हिशेब. पुढच्या नटाला इंचात चोवीस आटे निघाले, जीपसारखेच. मागच्याला वीस. दोन्ही जुन्या नटांना पुन्हा पाती लावून पाहिली. तेच.

बाईंना विचारलं, तेव्हा उलगडलं. सासऱ्यांनी कधीतरी नागपूरला मास्टर सिलिंडर बदलून घेतला होता. मिस्त्रीने दुसऱ्याच गाडीचा बसवला असणार. पुढचा भाग एका देशाचा, मागचा दुसऱ्याचा.

"मग आता काहून थांबून राहिलात?" बाईंनी विचारलं.

वीस आट्यांचा नट आमच्या स्टोअरमध्ये नव्हता, आणि जुन्याचे कोपरे काढताना गोल झाले होते. लेथवर नवा कातून काढावा लागणार होता. तिवारीजींनी मान हलवली. सगळे लेथ लढाईच्या कामावर होते आणि त्यांना वर जबाब द्यावा लागे. त्यांचंही चूक नव्हतं. ते म्हणत होते, जीपचाच बसवा, आजचा दिवस निघेल.

बाईंनी शांतपणे गाडीचं दुसरं दार उघडून धरलं.

"हाच लावा मग. तिवारीजी, आप मेरे साथ बैठिए. बरगी तक."

तिवारीजींनी त्या सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अच्छा, चलो, लंच में बना लो."

जेवणाच्या सुट्टीत मी नट काढला. तो बोटांनी शेवटपर्यंत आत गेला, पान्याने फक्त आवळला. ऑइल भरलं, लाईनमधली हवा काढली. मग बाईंनाच पेडल जीव खाऊन दाबून धरायला सांगितलं आणि मी दोन्ही सांध्यांना कोरडा कागद लावून बसलो. कागद कोरडाच राहिला. बाई गेल्या.

माझं लक्ष मात्र उरलेला दिवस कामात नव्हतं. दिसत नाही तिथे काही राहिलं तर, हेच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः सांगायला आल्या. बाळंतिणीला मागच्या सीटवर घालून आणत असताना पुढचा लष्करी ट्रकांचा ताफा उतारावर एकदम थांबला. त्यांनी पेडल दाबलं. गाडी शेवटच्या ट्रकच्या हातभर मागे उभी राहिली. ताफा हलेपर्यंत पोरगी गाडीतच झाली, आणि एका जवानाने आपलं ब्लँकेट दिलं. दोघी आता दवाखान्यात झोपल्या होत्या.

तिवारीजींनी ही हकीकत कँटीनमध्ये सांगितली तेव्हा त्यांच्या सांगण्यात नट त्यांनीच काढला होता. मी चहा पीत ऐकून घेतली. शेवटी लेथ तर त्यांनीच दिला होता.

पुढे आयुष्यभर गाड्याच पाहिल्या. पाईपचं एक टोक मोजून झालं, तरी दुसरं टोक मोजेपर्यंत त्याबद्दल मी काहीच बोलत नाही.