स्कूटर नवनाथच्या नावावर

रोहिणी नाशकात सातपूरच्या एका कंपनीत कामाला होती. गाडी कुठे आहे, किती वेगात चालली आहे, हे मोबाइलवर कळवणाऱ्या छोट्या डब्या तिथे बनत. तयार झालेली डबी नीट चालते का, हे तपासायचं काम तिच्याकडे होतं. नवऱ्याचा, नवनाथचा, मार सोसेना, तेव्हा पेठहून स्कूटरवर बसून ती जी निघाली ती नाशकातच राहिली. खोलीचा पत्ता तिने आईलाही सांगितला नव्हता.

मालकांचा मुलगा आल्हाद धंदा वाढवायच्या मागे लागला होता. "डबी एकदाच विकली जाते. माहिती रोज विकता येते," असं तो सगळ्यांना सांगे. त्याने नवं ॲप काढलं आणि आधी कामगारांच्याच गाड्यांवर चाचणी घेतली. रोहिणीनेही हौसेने स्कूटरला डबी बसवून घेतली.

थोड्याच दिवसांत, भर दुपारी, आईचा फोन आला.

"रोहिणे, नवनाथ आल्ता. म्हनं, पाण्याच्या टाकीमागं राहती तुझी पोरगी. खरं हाय का?"

रोहिणीची खोली टाकीमागेच होती. कोणी सांगितलं असेल? आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्कूटर नवनाथच्या नावावर होती, आणि गाडी कुठे आहे हे सांगणारा ॲपचा मेसेज जायचा तो कागदपत्रांवरच्या मालकाच्या नंबरला.

ती धावतच आल्हादच्या केबिनमध्ये शिरली. "साहेब, माझी डबी बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

तिची हकिगत ऐकता ऐकता आल्हादने कॉम्प्युटर उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. "सकाळपासून तो सारखा बघतोय. आत्ताही बघतोय."

म्हणजे स्कूटर कंपनीच्या आवारात उभी आहे, हेही त्याला दिसत होतं. आल्हादने डबी बंद केली, तेवढ्यात गेटवरून फोन आला. वॉचमन सांगत होता, "कोणी नवनाथ आलाय. बायकोला न्यायला आलोय म्हणतो."

रोहिणी टेबलाला धरून खाली बसली. तिच्यामागोमाग आलेल्या, तिच्याच लाइनवर काम करणाऱ्या पुतळाबाईने तिला उठवलं, डोक्यावरून ओढणी घातली आणि मागच्या दाराने बाहेर काढून रिक्षात बसवलं. आल्हादने पोलिसांना बोलावलं, पण ते येईपर्यंत नवनाथ निघून गेला होता.

आल्हादने ॲप तिथेच थांबवलं. गाडी चालवणाऱ्याच्या होकाराशिवाय तिचा ठावठिकाणा कोणालाही दाखवायचा नाही, असं त्याने ठरवलं. त्यावर एक मोठा ग्राहक दुसरीकडे गेला. वडील चिडले, पण त्याने ऐकलं नाही.

रोहिणी आता नाशकातच, द्वारका चौकाजवळ, पुतळाबाईकडे राहते आणि बसने कामाला येते. तक्रार दिली आहे, पण नवनाथ अजून सापडलेला नाही. गल्लीत कोणाची मोटारसायकल थांबली, की तिच्या हातातला घास हातातच राहतो.

"आता नाय यायचा तो," पुतळाबाई म्हणते.

रोहिणी मान हलवते, आणि दाराची कडी लागली आहे ना, ते उठून पुन्हा बघते.