अर्धा इंच वर बसलेली जाळी

"सोडा पाणी," मी म्हटलं. पाइपचं पाणी ड्राइव्ह-वेवरून उतरत आलं, गॅरेजसमोरच्या जाळीला अडलं, आणि दोन्ही टोकांनी वळसा घालून सरळ गॅरेजमध्ये शिरलं. माझं डोकंच फिरलं.

कोन गावातला बंगला. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला, उंच झाला, घर खाली राहिलं. गॅरेजमध्ये गाडी नाहीच. घरची सून वनिता तिथे शिलाईचं काम चालवते. गेल्या पावसाळ्यात पाणी शिरून तिच्या दोन मशीनच्या मोटारी जळाल्या. यंदा पुन्हा काम अडलं तर ऑर्डर दुसरीकडे देईन, असं व्यापाऱ्याने तिला तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून तर चॅनल ड्रेन बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं. म्हणजे काँक्रीटमध्ये आडवं, अरुंद गटार आणि वर लोखंडी जाळी. यात नियम एकच. जाळी काँक्रीटपेक्षा किंचित खाली हवी, तरच पाणी आत पडतं. लेव्हलची दोरी बांधून, मिस्त्रीला दोनदा बजावून मी दुसऱ्या साइटवर गेलो होतो. आता पट्टी लावून बघतो तर जाळी अर्धा इंच वर!

"अरे मिस्त्री, ये क्या किया?"

"साब, चाचा बोले ऊपर उठाओ. मैंने उठा दिया."

चाचा म्हणजे वनिताचे सासरे. ओट्यावर निवांत बसलेले.

"दादा, तुम्ही सांगितलंत?"

"मंग? सुगीला मी भात हितंच वालत घालतो. जाली खाली ठेवली तं दाना आत परंल. मंग काडंल कोन? तू?"

"अहो, पण पाणी गॅरेजात जातंय त्याचं काय?"

"वालत घातलेल्या भाताला पानी कशाला लागतंय?"

कपाळ माझं! कुणाला काय समजावणार?

तेवढ्यात वनिता हातात ओलं पोतं घेऊन बाहेर आली. "बाबा, भात गच्चीवर वालवू. मी सोता वर चढवीन. पन हा काम गेला ना, तं मना परत कोन देनार न्हाय."

दादा ओट्यावरून उठून जाळीपाशी आले. मग मला म्हणाले, "फोर सगला."

ब्रेकर लावून सगळं उखडलं. या वेळी जाळी बसेपर्यंत मी तिथून हललो नाही. काँक्रीट पक्कं झाल्यावर पुन्हा पाणी सोडलं. सगळं जाळीत पडलं, गॅरेजची फरशी कोरडी. पावसाळाभर वनिताची मशीनं चालू राहिली.

मिस्त्रीवर मी उगाच भडकलो. जाळी खाली का हवी, हे मी फक्त त्याला सांगितलं. दिवसभर ओट्यावर बसणाऱ्या घरमालकाला सांगायचं सुचलंच नाही. आता नव्या साइटवर ड्रॉइंग नंतर उघडतो. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो, "दादा, अंगणात काय वाळवता?"