काउंटरवरचा लॅपटॉप

ठोक्याचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा आणि पहिला संशय दुधाच्या पिशवीवर जायचा. पिशवी तो हातात तोलायचा, शिवण दाबून बघायचा, मगच दूध पातेल्यात ओतायचा. मग आम्ही दोघं चालत कारखान्यात जायचो. पोलादी कपाटांचा कारखाना होता. मी वेल्डिंगला, तो पत्रा वाकवायच्या मशीनवर. मालाची गाडी आली की हा प्रत्येक पत्र्यावर बोटाचं पेर ठोकायचा आणि कान लावायचा. "पातळ आहे," म्हणायचा. मोजून बघितलं की बहुतेक वेळा पातळच निघायचा. म्हणून ठोक्या. मुकादमही त्याला त्याच नावाने हाक मारायचा.

दुकानदारांना दाखवायचं नमुन्याचं कपाट मालक ठोक्याकडूनच करून घ्यायचा. त्याला जाड पत्रा, कडा दोनदा घासलेल्या, बिजागरीला तेल. विक्रीला जायची ती कपाटं वेगळी. त्यांचं दार अंगठ्याने दाबलं तर आत जायचं आणि फट्‌कन बाहेर यायचं. मांडून ठेवलेली वस्तू एक आणि घरी येते ती दुसरी, हे ठोक्याच्या डोक्यात तेव्हाच पक्कं वेल्ड झालं. निवृत्तीनंतरही निघालं नाही.

त्याची मुलगी लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाकघराची मापं घेते. तिथेच बसून लॅपटॉपवर ओटा, कप्पे, कपाटं काढून दाखवते. गिऱ्हाईक बघताबघता हो म्हणतं. तिचा जुना लॅपटॉप जडशीळ होता. इतकी वर्षं तो खांद्याला लटकवून जिने चढल्यावर खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं. वरच्या साहेबांनी सांगितलं, जमत नसेल तर ऑफिसात बस आणि दुसऱ्यांनी आणलेली मापं उतरवून काढ. ते तिला मरणाहून वाईट.

"बाबा, मला एकदम हलका घ्यायचाय," ती म्हणाली.

"हलका म्हणजे आतून पोकळ."

"मग खांदा तुमचा द्या."

ठोक्याने तिचा जुना लॅपटॉप उचलून हातात तोलला. मग म्हणाला, "पैसे मी देतो. ओव्हरटाइमचे ठेवलेत बँकेत. पण वस्तू मी निवडणार."

दुकानात जाताना त्याने मुलीबरोबर मलाही घेतलं. वाटेत सांगितलं, "मी माल बघतो. तू विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहा."

काउंटरवर लॅपटॉप ओळीने उघडे ठेवले होते. ठोक्याने पहिला उचलला, झाकणाला मागून अंगठा दाबला. पडद्यावर पाण्यासारखे तरंग उमटले. खाली ठेवला. दुसऱ्याची बटणं दाबली तर मधला भाग खाटेसारखा खचला. तोही खाली.

तिसरा राखाडी, वहीइतका पातळ. त्याने तो एका कोपऱ्याला धरून उचलला आणि कानाशी नेला. कुरकुर नाही. मग पेराने ठोकला.

"काका, लॅपटॉप आहे तो, कलिंगड नाही," विक्रेता म्हणाला. तिशीचा, गळ्यात ओळखपत्र.

"आत काय निघेल ते कलिंगडासारखंच असतं," ठोक्या म्हणाला. "पत्रा कुठला?"

"पत्रा नाही काका. ॲल्युमिनियमचा एकच ठोकळा कोरून केलाय."

"एवढं कोरत बसतंय कोण?" त्याने कडेने नख फिरवून सांधा शोधला. एकदा, दोनदा. मग माझंही बोट त्या कडेवरून फिरवलं. सांधा नव्हता. चांगलं काम बघून माणूस खूश होतो. हा जास्तच संशयी झाला.

"नंतर आत काही वाढवता येतं का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "यात मेमरी आत डाख देऊन पक्की केलेली असते. लागणार असेल तेवढी आत्ताच घ्यायची. माझी चित्रं जड असतात बाबा, कमीवाला घेतला तर दोन वर्षांत रडेल."

"म्हणजे मागाहून फळी टाकता यायची नाही."

"हो. जास्त फळ्यांचंच कपाट घ्यायचं."

हे त्याला पटलं. त्याने झाकण मिटलं आणि एका बोटाने उघडलं. खालचा भाग जागचा हलला नाही. झाकण अलगद वर आलं. "बिजागरी बघ," तो मला म्हणाला. "लोण्यासारखी." आणि विक्रेत्याला, "जास्त मेमरीचा आहे ना? मग हाच द्या."

"आतून सीलबंद आणतो."

"सीलबंद नको. मी तपासला तो हा. मला हाच पाहिजे."

"अहो बाबा, तो मांडलेला आहे!"

"म्हणूनच. नमुना कायम चांगला करतात. तू पेटीतलं घरी नेशील आणि मग बसशील दाबत."

"चालेल की काका," विक्रेता म्हणाला. "सूटही देतो त्याच्यावर."

मला सांगितलं होतं तसा मी तोंडाकडेच बघत होतो. वळचणीला पडलेला माल खपला की येतो तसा सुटकेचा भाव होता. मी ठोक्याला कोपर मारलं.

"सूट कशाबद्दल?" ठोक्याने विचारलं.

विक्रेत्याने ओळखपत्र नीट केलं. मुलीने मागची वायर उचलून दाखवली. "हा दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत चार्जिंगला असतो. बॅटरीचं काय झालं असेल? आणि येईल तो झाकण उघडून बघतो. तुम्ही आत्ता बघितलंत तसं."

ठोक्या हळूच म्हणाला, "आमच्या नमुन्याला कुणी हात लावायचा नाही. मालक दोरी बांधायचा."

"इथे दोरी दिसते का कुठे?"

नव्हती. त्याने काउंटरची पूर्ण लांबी बघितली, खात्री म्हणून.

"सीलबंद आणा," तो म्हणाला. "माझ्यासमोर उघडा. आणि दोन्ही शेजारी ठेवा."

खोका आला. सील त्याने आधी बोटांनी चाचपलं, मग मुलीला फोडू दिलं. दोन्ही झाकणं अर्धी उघडून ठेवली आणि काउंटरवर मूठ आपटली. नव्याचं झाकण जागच्या जागी राहिलं. मांडलेल्याचं हळूहळू मागे कलंडत गेलं.

"तेल घातलंय असं वाटलं मला," ठोक्या म्हणाला. "झिजलीय ती."

एवढंच. माफी वगैरे त्याला जमत नाही. मग नव्याची सगळी तपासणी पहिल्यापासून: कोपरा, अंगठा, नख, पेर. विक्रेत्याने न सांगता त्याला स्टूल आणून दिलं. मुलीने तो चालू करून आपलं सगळ्यात जड चित्र उघडलं, फिरवून बघितलं आणि मान डोलावली. तेव्हा कुठे ठोक्याने पैसे दिले. वर मिळालेल्या फुकट पिशवीची शिवण ओढून बघितली आणि पिशवी परत केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे चहाला होतो. मुलगी कामाला निघाली. बॅग खांद्याला लावून जिन्यापर्यंत गेली.

"थांब!" ठोक्याने आतून हाक मारली. गेला, तिच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली, चेन उघडली.

"काय झालं?"

"आत आहे का बघतो. वजनच लागत नाही."

"तुम्हीच ठेवलात ना मघाशी!"

त्याने आत हात घालून पेराने ठोकलं, ऐकलं, चेन लावली. ती हसत खाली उतरली. पूर्वी मजल्यामजल्यावर थांबायची, तशी थांबली नाही. चपलांचा आवाज एका दमात तळापर्यंत गेला. सुट्टीच्या दिवशी मशीनवर उभं राहून ठोक्याने जे कमावलं, त्यातून शेवटी हे आलं. कपाटातल्या तिजोरीच्या दारापेक्षाही हलकं.