विभूतीखालची बॅटरी

आमच्या हॉस्पिटलचा जनरेटर चन्नप्पांनी सव्वीस वर्षं सांभाळला. एवढ्या वर्षांत त्याने एकदाही दगा दिला नाही, आणि तेच त्यांच्या मुळावर आलं. "मशीन कधी बिघडतच नाही, मग हा माणूस ठेवायचा कशाला?" असं मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाले. आम्ही नर्सेसनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ते अजून सलतं.

दर अमावस्येला चन्नप्पा जनरेटरची पूजा करायचे. विभूतीचे तीन पट्टे, झेंडूचा हार, नारळ. आम्हाला खोबरं मिळायचं, म्हणून तेवढी पूजा सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्यांना कामावरून काढल्यावर वॉचमन मायाप्पाने ती नेमाने चालू ठेवली.

यंदा एप्रिलमध्ये भर दुपारी लाईट गेली. आयसीयूत मंद्रूपच्या शाळेतले शरच्चंद्र सर व्हेंटिलेटरवर होते. जनरेटर नुसता टकटक करून गप्प झाला. व्हेंटिलेटरची स्वतःची बॅटरी वीस मिनिटांत संपली, तेव्हा मी हाताने फुगा दाबून सरांना श्वास देऊ लागले. डॉक्टर कंपनीच्या माणसाला फोन लावत बसले होते. मी मायाप्पाला सांगितलं, आधी चन्नप्पांना घेऊन ये.

ते घरच्या बनियनवरच आले. पुढचं मला मायाप्पाने सांगितलं. चन्नप्पांनी जनरेटरच्या बॅटरीवरचा हार बाजूला केला. खाली टर्मिनलवर पांढऱ्या भुकटीचा जाड थर साचला होता. ते पुसायला गेले तसा मायाप्पा म्हणाला, "आण्णा, विभूती हाय ती. मी कदी पुसली न्हाय."

"ही विभूती न्हाय. बॅटरीला चढलेला गंज हाय," चन्नप्पा म्हणाले. कँटीनमधून गरम पाणी आणवून त्यांनी थर धुतला, टर्मिनल घासलं, आवळलं. जनरेटर सुरू झाला तेव्हा माझी बोटं उघडत नव्हती.

सर वाचले. पेपरात फोटो आला तो माझा, शाल मिळाली तीही मलाच. लाज वाटून मी ती घेऊन चन्नप्पांच्या घरी गेले. त्यांनी शालीकडे बघितलंसुद्धा नाही.

"सिस्टर, चूक माजी बी हाय की," ते म्हणाले. "पुसायचं, तेल-पाणी बगायचं, चालवून बगायचं, समदं मी पहाटे एकटाच उरकायचो. तुमाला त्रास नको म्हणून. तुमी यायचा तवा नुसती पूजा उरलेली असायची. मायाप्पानं जे बगितलं, तेच केलं."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला तिथेच रडू आलं.

मॅनेजरांनी त्यांना परत बोलावलं. चन्नप्पांनी एकच अट घातली. अमावस्येची पूजा सकाळी दहाला होईल, सगळ्यांसमोर, आणि ती पुसण्यापासून सुरू होईल. परवाच्या अमावस्येला आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. चन्नप्पांनी माझे जोडलेले हात सोडवले आणि त्यात फडकं दिलं.