समेवर पडलेलं तबक

"तालीम की टेक?"

दार उघडलं की आजींचा पहिला प्रश्न हा. कशी आहेस नाही, बाहेर गारठा आहे का नाही. एका हाताने चौकट धरायची, दुसऱ्या हाताने चष्मा कपाळावर सरकवायचा आणि माझ्याकडे रोखून बघायचं. "तालीम, आजी," असं मी म्हटलं की त्या बाजूला होऊन मला आत घ्यायच्या.

मी इथे परदेशात, क्रेगीबर्न नावाच्या उपनगरात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. आले होते अकाउंटिंग शिकायला, जमलं हे. आठवड्यातल्या तीन सकाळी मी आजींकडे असायचे. नातीच्या घरामागे दोन खोल्यांचा ग्रॅनी फ्लॅट होता, त्यात त्या एकट्या राहत. नात सातच्या ट्रेनने शहरात नोकरीला जायची. आजींची नव्वदी उलटून बरीच वर्षं झालेली, पण पाठ ताठ, आणि आवाज असा की शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आजी कोल्हापूरकडच्या सिनेमांत गाणाऱ्या नायिका होत्या. तेव्हा कच्ची फिल्म परमिटवर मिळायची. टेक वाया गेला तर कंपनीच्या मालकांसमोर उभं राहायची सोय नव्हती, म्हणून तालमी पन्नास आणि टेक एकच. ती सवय त्यांना जन्मभर पुरली. डॉक्टरकडे जायचं तर आदल्या दिवशी तालीम, मी डॉक्टर. शेजारची इटालियन बाई सारखा लझान्या करून आणून द्यायची, तर तो नको म्हणायची तालीम आम्ही दोन आठवडे केली. प्रत्यक्ष टेकला आजींनी इतका लाघवी नकार दिला की ती बाई दुसऱ्या दिवशी दोन लझान्या घेऊन आली.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण हसतो, त्यांच्या खेळात सामील होतो, आणि तो खेळ कधी बदलला ते आपल्या लक्षात येत नाही.

एका सकाळी मी माझ्याकडच्या किल्लीने आत गेले, तर आजी कार्पेटवर पडलेल्या. धावत जाऊन वाकले, तर त्यांनी एक डोळा उघडला.

"उशीर केलास. सहा पावलांना एवढा वेळ?"

"आजी! असं कोणी करतं का?"

"गळ्यात हे मदतीचं बटण बांधलंय ना तुम्ही लोकांनी? म्हणजे मी पडणार हे ठरलेलंच आहे. मग तालीम नको?"

मी नातीला फोन केला. ती म्हणाली, "ओह, तिला ऑडियन्स लागतो. तू प्लीज एन्करेज करू नकोस ना." तेव्हा ते मलाही पटलं.

पण पडण्याच्या तालमी थांबल्या नाहीत. कधी सोफ्याजवळ, कधी खिडकीखाली. मला मात्र त्यात करमेनासं झालं. लझान्याच्या तालमीत आजींचे डोळे लुकलुकायचे, इथे त्या परीक्षकासारख्या गंभीर असत.

त्यांच्या स्वयंपाकघरात स्टीलचं एकही भांडं नव्हतं. सगळ्या ताटल्या प्लॅस्टिकच्या. मला वाटायचं, म्हातारपणी हाताला जड नको म्हणून. एकदा मी माझा जेवणाचा डबा विसळत होते, तर त्याचं झाकण हातातून निसटून लादीवर खणखणलं. मागे वळून बघते तो आजी भिंतीला टेकलेल्या, चेहरा पांढराफटक. त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. त्या दिवशी त्यांनी त्यामागची गोष्ट सांगितली.

तेव्हा गाणं कॅमेऱ्यासमोरच म्हणायचं असे. आजी राणी झालेल्या, आणि मागे आरतीचं तबक घेतलेली एक सखी, चौदा-पंधरा वर्षांची. दिव्यांच्या उकाड्यात ती सकाळपासून उभी. टेक चालू झाला आणि दुसऱ्या कडव्याला ती पोरगी कोसळली. तबक पडलं ते नेमकं समेवर. आवाज गाण्यात असा बसला की वाजवणाऱ्यांनाही खटकलं नाही. आजी गात गात तिच्याजवळ गेल्या, तिची हनुवटी उचलली, उरलेलं कडवं तिच्या तोंडावर झुकून म्हटलं. कट झाल्यावर मालकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी उठली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

"आणि तो शॉट?" मी विचारलं.

"ठेवला. लोक तोच बघायला यायचे. मूर्च्छा काय हुबेहूब आहे म्हणायचे. त्यावर मला पुढे सहा सिनेमे मिळाले, आणि प्रत्येकात मालकांनी एक मूर्च्छा घातली."

"तुम्हाला कसं कळणार होतं, आजी?"

"मला वाटलं, पोरगी अभिनय करतेय," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी इतक्या सफाईने म्हटलं की त्याच्याही तालमी झाल्या असणार, असं माझ्या मनात येऊन गेलं.

मग त्यांनी माझं मनगट धरलं. "माझ्या वेळी तू ओळखायचंस. तिच्यासारखं मला नको. मी पडलेय आणि समोरचं माणूस कौतुक करतंय, असं नको."

"पण ओळखू कसं?"

"नाटक करणारं माणूस हातातलं आधी ठेवतं. खरं पडणारं ठेवत नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी रोज हा असा ठेवते, मगच पडते. चष्मा जमिनीवर दिसला तर समज, टेक."

मी शब्द दिला. त्यानंतर त्यांच्या तालमी लांबत गेल्या. पाच-पाच मिनिटं डोळे मिटलेले. उठल्यावर विचारायच्या, "श्वास दिसला का?" दिसला म्हटलं की नाराज व्हायच्या. अशा सकाळी घरी परतताना मी गाडीत रेडिओ लावू शकायचे नाही. आजींचा मला लळा लागला होता, आणि त्यांची भीतीही वाटू लागली होती.

सप्टेंबरमधल्या एका सकाळी दार आतून उघडलं नाही. किल्लीने आत गेले. आजी सोफ्यापाशी पडलेल्या, एक पाय अंगाखाली दुमडलेला.

"आज जरा वाकड्या पडलात, आजी," मी म्हटलं. "रिटेक घ्यावा लागणार." आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं दूध ठेवलं. आलं किसलं. दूध वर आलं, ते उतरवलं. मग बाहेरच्या खोलीतली शांतता माझ्या अंगावर आली आणि मी धावले.

ॲम्ब्युलन्सवाला माणूस चांगला होता. मला बाहेर पायरीवर बसवून म्हणाला, "ठीक आहेस ना? काही मिनिटं इकडेतिकडे झाली असती तरी तुला काही करता आलं नसतं." नातीनेही मला मिठी मारली आणि म्हणाली, "तू तिच्यासाठी किती केलंस!"

तेराव्याला नातीच्या घरी पंधरा-वीस माणसं जमली. कोणीतरी तो सिनेमा नेटवरून शोधला होता, तो मोठ्या टीव्हीवर लावला. दुसरं कडवं आलं. तबक पडलं, समेवर. "काय नॅचरल पडलीय यार ही मुलगी," मागून कोणी म्हणालं.

मी पडद्यावरच्या आजींकडे बघत होते. सतरा-अठरा वर्षांच्या, सुंदर. तबक वाजलं तसे त्यांचे डोळे आधी तबकाकडे गेले. मग पोरीच्या चेहऱ्याकडे. तिथे क्षणभर थांबले. मग वर कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी पुढची ओळ उचलली.

त्यांना कळलं होतं.

मी तिथून उठून ग्रॅनी फ्लॅटपाशी गेले. आत अंधार होता, दार बंद. पायरीवर किती वेळ बसले कोण जाणे. तुम्हाला इतकं सांगितलं, तर हेही सांगते. त्या सकाळी मी आत पाऊल टाकलं तेव्हा चष्मा जमिनीवर होता, एक काडी मोडलेली. मला तो दिसला होता. मी त्याला वळसा घालून दूध ठेवायला गेले.